बिनपुठ्ठ्याचं पुस्तक

"पुठ्ठा अलग, कागद अलग, आपा! मागच्या टायमाला मिक्स गेलतं तर त्या गोदामाच्या मालकानं माझी इज्जतच काढली," मुबीन टेम्पोतून ओरडला.

"व्हती तवाच काढली ना?" हुस्ना म्हणाली आणि हातातल्या वहीचा पुठ्ठा टरकन ओढला.

दिंद्रुडात रस्त्याला लागून मुबीनचं भंगाराचं दुकान होतं. म्हणजे पाटीवर नाव मुबीनचं, हात मात्र त्याच्या बहिणीचे. तलवाड्याच्या सासरहून हुस्ना परत आली, त्यानंतर रहेमतबीने लेकीसाठी दोन-चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला, आणि मग तीही गप्प बसली. परत आलेल्या बाईला कुणी काही म्हणत नाही. फक्त लग्नाच्या घरात मेंदीची ताटली तिच्यापर्यंत आली की पुढे सरकते, एवढंच. रद्दी मात्र असला भेद करत नाही. पोतं उघडायचं, पुस्तकं सोलायची, पुठ्ठे एका बाजूला, कागद एका बाजूला, त्यातून बायंडिंगच्या पिना काढायच्या. बोटं काळी होतात आणि डोकं मोकळं राहतं.

त्या दिवशी बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या घरची रद्दी आली होती. तिच्यात एक जाडजूड चित्रांचं पुस्तक निघालं. हुस्नाने सवयीने दोन्ही बाजूंचे पुठ्ठे ओढले. एका पुठ्ठ्याला चिकटलेलं पान सोबत निघून आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी सूचना होती. पुठ्ठ्याला चिकटलेलं ते पुठ्ठ्यातच जाऊ दे, म्हणून तिने ते पान न वाचताच पुठ्ठ्याच्या ढिगात टाकलं.

मग ती सहज आत डोकावली. लहानपणी मदरशात कुराणाचा सिपारा उघडायची, शाळेत उर्दूचं पुस्तक उघडायची, तसंच उजवीकडून उघडलं, आणि गोष्ट बरोबर तिथूनच सुरू झाली. तिला यात काही विशेष वाटलं नाही. पुस्तक असंच तर उघडतात! मजकूर इंग्रजीत होता, पण थोडकाच. जिथे अडलं तिथे फोन धरून अर्थ काढला. जपानातली चित्रकथा, मंगा म्हणतात ती ही, हेही फोननेच सांगितलं. एक पोरगा, एक पोरगी, शाळेची गच्ची आणि वर आभाळ. तेहतीस वर्षांची बाई पोरांची प्रेमकथा वाचते हे कुणी पाहिलं असतं तर हसून हसून मेलं असतं. तिने पुस्तक जुन्या पंख्याच्या खोक्यात लपवलं.

पुड्यांसाठी रद्दी न्यायला किराणावाले अमरनाथशेट दर आठवड्याला यायचे. शेट म्हणायचं म्हणून म्हणायचं. वय छत्तीस, लग्न जमलेलं नाही, दुकानाच्या गल्ल्यावर आई दानम्मा आणि गल्ल्यामागे हे. पुडी बांधण्याआधी शेट कागद वाचतात आणि गिऱ्हाईक ताटकळतं, अशी गावात चेष्टा होती. हुस्नाला ते कधी हाक मारत नसत. ताई म्हणवत नव्हतं आणि नाव घ्यायची सोय नव्हती.

"काय चांगलं निघालं का?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"एक सवाल निघालाय," हुस्ना म्हणाली. गोष्ट सांगायची तिला लाज वाटली, पण त्यातला हा सवाल तिच्या डोक्यातून जात नव्हता. "चांदण्या किती हायती? मोजता येत न्हाईत. मंग जिकडं बघावं तिकडं येक तरी चांदणी पायजे का न्हाई? सगळं आभाळ रातीलाबी पांढरंशिप्पट पायजे. मंग अंधार कावून पडतो?"

अमरनाथशेट तराजूला टेकून विचारात पडले. हसले नाहीत, म्हणून ते तिला जास्त आवडले.

"खरंय की," ते म्हणाले. "तेलगावकडं मामाच्या उसात लहानपणी हरवलतो मी. जिकडं बघावं तिकडं ऊसच. पल्याडचं कायच दिसत नव्हतं. मंग आभाळाच्या फडात एवढ्या फटी कशा?"

"पुस्तकात असंल पुढं."

"वाचलं का सांगा मला."

तलवाड्यात दोन वर्षांत तिला एवढं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून रद्दी मोजायला जरा जास्तच वेळ लागू लागला. मुबीनच्या ते लक्षात आलं नाही. दुकानातलं त्याच्या कधीच काही लक्षात येत नसे, हे त्याचं भाग्य आणि तिचंही.

एक दिवस अमरनाथशेटनी गठ्ठा उचलला, परत खाली ठेवला आणि गठ्ठ्याकडे बघतच म्हणाले, "पुण्यात माझा दोस्त हाय. तिकडं दुकान टाकून देतो म्हणतोय. मी जावं म्हणतो. पर एकट्यानं न्हाई जायचं."

हुस्नाच्या हातातली पीन बोटात घुसली.

"आत्ताच सांगा असं न्हाई," ते घाईने म्हणाले. "तुमी न्हाई म्हणलं तरी मी काय मनात धरणार न्हाई. परत तोंडबी दाखवणार न्हाई, तुमाला तरास नको."

तेवढ्यात मुबीनचा टेम्पो आला आणि शेट निघून गेले.

असल्या गोष्टीचं इथे काय होतं, हे दिंद्रुडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका घरचे लोक काठ्या घेऊन दुसऱ्या घरासमोर उभे राहतात, आणि मग दोन्ही घरं उठतात. हुस्नाला अम्मीचं तोंड दिसलं, मुबीनचं दिसलं. ती रडली. पण उत्तर द्यायचं ठरल्यावर तिच्या मनात दुसरा शब्द आलाच नाही. हो. फक्त तो तोंडातून निघेना. बाईने हो म्हणायचं तरी कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तलवाड्याच्या वेळी तर तिच्या वतीने अम्मीनेच मान हलवली होती.

पुस्तकातल्या पोरीने मात्र म्हटलं होतं. अगदी शेवटच्या पानावर तो पोरगा विचारतो, "माझ्याबरोबर येशील?" आणि ती म्हणते, "हो. चल." दोन शब्द, आणि पानभर आभाळ.

पुढच्या आठवड्यात हुस्नाने ते पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं, वरून सुतळी बांधली. शेट आल्यावर म्हणाली, "ह्याच्या पुड्या बांधू नका. वाचा. शेवटचं पान नीट वाचा. माझं म्हणणं तिथंच हाय."

शेटचा चेहरा एकदम उजळला. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं. दिवसाढवळ्या, भर रस्त्यावरून.

आणि त्यानंतर ते आलेच नाहीत.

शेटच्या दुकानात रद्दी मुबीनच टेम्पोतून पोचवू लागला. हुस्ना आधी वाट बघत राहिली, मग काळजी करत राहिली, मग तिला राग आला. पोळी लाटताना, पुठ्ठे सोलताना ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची. भित्रा. विचारायला जीभ होती आणि उत्तर मिळाल्यावर पाय लटपटले! तिने आयुष्यात एकदाच हो म्हटलं होतं आणि ते घेऊन माणूस पळाला होता. रागात एक बरं असतं, दिवस निघून जातात.

शेटचं जमल्याचं रहेमतबीनेच सांगितलं. तेलगावची मुलगी, प्रणिता नाव, त्यांच्याच जातीतली. लग्नाआधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा झाला आणि एका सकाळी ऑटोतून रद्दीची पोती घेऊन स्वतः अमरनाथशेट दारात उभे राहिले. दानम्मा ऑटोतच बसून होत्या.

"लवकर रं अमर, गुरवाकडं पत्रिका द्यायला जायचंय," त्या म्हणाल्या.

शेटनी पोती तराजूवर ठेवली. मग पिशवीतून ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि हळूच पुढे केलं.

"हे तुमचं. पुड्या न्हाई बांधल्या."

"वाचलं?" हुस्नाने विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून कडक निघाला.

"त्याच दिवशी. तुमी म्हणलात तसं शेवटचं पान नीट वाचलं." ते खाली बघत होते. "तुमी सांगितलं ते बरं केलं. दिल्या शब्दापरमाणं मी परत आलो न्हाई."

"काय व्हतं शेवटच्या पानावर?"

शेटनी पुस्तक हातात घेतलं आणि पाठ असल्यासारखं उघडलं. उजव्या बाजूचं अगदी कडेचं पान. "हे की. ती पोरगी त्याला म्हणती, माज्या मागं येऊ नको, मी तुला वळखत न्हाई." त्यांनी कसंबसं हसून दाखवलं. "लई वाईट गोष्ट हाय बगा. सुरवातीला हातात हात असतो आन् मंग लांब लांबच जातेत. शेवटाला वळखबी ऱ्हात न्हाई."

हुस्ना त्या पानाकडे बघत राहिली. तिने सगळ्यात आधी वाचलेलं पान होतं ते. रस्त्यात पडलेली वही परत द्यायला पोरगा मागे येतो आणि अनोळखी म्हणून पोरगी त्याला झिडकारते, तिथून गोष्ट सुरू होते. शेटनी डावीकडून उघडलं होतं, मराठी पुस्तक उघडतात तसं. पुस्तक असंच तर उघडतात. पुठ्ठ्याबरोबर फाटून गेलेल्या त्या पानावर काय सूचना असेल, हे तिला आता न वाचताच कळलं. ते पान तिनेच फाडलं होतं. तिने तराजूचा दांडा धरला.

अजून सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. ऑटोत दानम्मा पदराने वारा घेत होत्या, त्यांच्या मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. तेलगावात कुणीतरी प्रणिता बांगड्या भरत असेल. आणि हा माणूस असा, की कळलं तर गप्प बसणार नाही.

"व्हय," हुस्ना म्हणाली. "तसाच हाय शेवट."

शेटनी मान हलवली. निघताना परत वळले. "त्या आभाळाच्या सवालाचं उत्तर काय दिलं न्हाई बगा त्यांनी. शेवटाकडं ते पोरगं विचारतं, अंधार कावून, आन् पुस्तकच संपतं. सुरवातीला नुसतंच म्हणतं, अजून पोचला न्हाई, अजून पोचला न्हाई. कोण पोचला न्हाई, कायच कळंना. तुमाला कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली. "उजेड. उजेड निघालेला असतो शेट. लई लांबून निघालेला असतो. आपल्यापतुर पोचलेला नसतो, म्हणून अंधार."

"अस्सं व्हय," शेट म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं. "मंग पोचंल की कधी तरी."

"सगळाच न्हाई पोचत."

"अमर!" दानम्मांनी हाक मारली.

ऑटो धूर सोडत वळला आणि गावात गेला. हुस्ना खाली बसली. पोत्यातली पुस्तकं एकेक काढून तिने पुठ्ठे सोलायला घेतले. बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकाला सोलायचं काही उरलं नव्हतं. तिने ते कागदाच्या ढिगावर ठेवलं.

"आपा, पुठ्ठा अलग केला का?" आतून मुबीनने विचारलं.

"केला," हुस्ना म्हणाली.