सगळ्यांना आलेला सुगंध

शिलाईच्या हॉलमधली यंत्रं बंद होती आणि आम्ही एक्केचाळीस जण रांगेने बसून पाणी हुंगत होतो. सुगंधीबाबांची बाटली हातोहात पुढे सरकत होती. आमच्याकडे शर्टही असाच सरकतो. मागच्याकडून घ्यायचा, आपला टाका घालायचा, पुढे ढकलायचा.

महिनाभर सुया पटापट मोडत होत्या, म्हणून हवालदिल मालकांनी बाबांना आणलं होतं. "मन निर्मळ त्याला सुगंध येईल," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ज्याला येणार नाही, त्याचीच नजर सुयांना लागलीय. पाणी खोटं बोलत नाही, बाळांनो." पाणी बोलतच नव्हतं, ते काम बाबांनी अंगावर घेतलं होतं.

"आला," सुपरवायझर म्हणाला. मालक त्याच्या शेजारीच उभे होते.

"आला." "आला."

बाटली जवळ येईल तशी माझी चुळबुळ वाढली. मी कटिंग मास्तर. घरी बायकोपुढे बुवाबाजीवर भाषणं ठोकणारा. मी हुंगलं. साधं पाणी. माझंच नाक चोंदलंय की काय? मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "आला."

माझ्या शेजारी काजवाली, शर्टांना काजं करणारी मुलगी. नोकरीला जेमतेम दोन महिने, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. तिने दोनदा हुंगलं.

"मला नाही येत."

बाबांनी बोट रोखलं. पुढच्यांनी तर बाटली नाकाशी येण्याआधीच "आला" म्हणून टाकलं.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक तिला म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कात्री पुसत बसलो. लाज वाटत होती, तरी पुसतच राहिलो.

शेवटी बसलेल्या तपासणीवाल्या मावशी उठल्या. "मालक, शर्ट दुसऱ्यांदा तपासताना मी आधीच्या बाईची खूण झाकून ठेवते. ती दिसली की आपले डोळे तिचंच ऐकतात. इथंही तसंच करू."

त्यांनी चिंध्या आणि खडू वाटले. "तोंडं भिंतीकडे. नाव घालू नका. वास आला असेल तर गोल, नसेल तर फुली."

"शंका घेतली की सुगंध उडतो," बाबा घाईने म्हणाले.

"मघाशी आलेलाच सांगायचाय, बाबा."

मालकांनी चिंध्या दोनदा मोजल्या. अडतीस फुल्या, तीन गोल. बाबा चपला शोधू लागले. ती बाटली सकाळी आमच्याच नळावर भरली होती, हे त्यांना घेऊन आलेल्या ड्रायव्हरने मग सांगून टाकलं.

"आणि जाड कापडाला बारीक सुई लावली की ती मोडणारच," मावशी म्हणाल्या. "तीनदा सांगितलं तुम्हाला."

दुपारी जाड सुया आल्या. एकही मोडली नाही. काजवाली पुन्हा यंत्रावर बसली, पण माझ्याशी बोलेना. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "मास्तर, तुम्ही माझ्या आधी होतात. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, तर मी एकटी पडले नसते."

बाबांनी बाटलीत काहीच घातलं नव्हतं. त्यांना फक्त आमची रांग हवी होती. अशी बाटली तुमच्याही हातात येईल. तेव्हा शेजाऱ्याचं तोंड पाहू नका. आधी हुंगा, आणि नसेल येत वास तर तसं सांगा. तुमच्यानंतर कुणीतरी बसलेलं असतं.