मिठाच्या पाण्यातली पेशी

मी एक पेशी बोलतेय. कोबीच्या पानातली. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून काय झालं, माझाही एक संसार होता, आणि चांगला भरलेला होता.

फुतोग गावच्या काळ्या मातीत, एका गड्ड्याच्या वरून चौथ्या पानात मी जन्मले. जन्मले म्हणजे काय, आई मधोमध विभागली आणि एकीच्या दोघी झाल्या. आमच्यात बाळंतपण ते एवढंच.

घरात हुकूम केंद्रकाचा. तंतुकणिका दिवसरात्र चुलीपाशी बसल्यासारख्या, साखर जाळून सगळ्यांना शक्ती पुरवायच्या. हरितलवकं मोजकीच होती. वरची तीन पानंच बहुतेक ऊन खाऊन टाकायची, आमच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. सगळ्यात मोठी खोली रिक्तिकेची, पाण्याने गच्च भरलेली. ती भरलेली असली की पान ताठ. भोवती एक पातळ पटल, कोणाला आत घ्यायचं नि कोणाला नाही हे ठरवणारं, आणि त्याच्याही बाहेर माझी भिंत. त्या भिंतीचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

नोव्हेंबरात शेतमालक रांकोने आमचा गड्डा कापून घरी आणला. दरवर्षी कोबी आंबवायचं पिंप भरायची ती त्याची आई, देसांका. चाळीस वर्षं तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. यंदा तिचं मनगट मोडलं, म्हणून काम आलं सुनेकडे. सून यास्ना, बेलग्रेडची, पाचव्या मजल्यावर वाढलेली.

"संत निकोलाच्या सणादिवशी अख्खं गाव जेवायला येतं," देसांका खुर्चीतून म्हणाली. "बोलावणं लागत नाही कोणाला. सारण गुंडाळताना सारम्याचं पान हातात फाटलं ना, तर पुढच्या निकोलापर्यंत बोलतील."

"नाही फाटणार, आई."

"बघू."

यास्ना गड्ड्यांचे दांडे कोरून पोकळीत जाडं मीठ भरत होती. बाजूला तिची मुलगी तियाना मोठ्याने धडा वाचत होती.

"वनस्पतीच्या पेशीला भित्तिका असते. प्राण्यांच्या पेशीला नसते."

"म्हणजे आपल्याला नाही?" यास्नाने भेगाळलेले हात पुढे केले. "तरीच मीठ एवढं झोंबतंय!"

"भिंत नाही लागत गं," देसांका म्हणाली. "सवय लागते."

मग गड्डे पिंपात गेले, वरून पाणी ओतलं, आणि झाकण पडलं. खरं सांगते, मीठ मलाही झोंबलं. त्याने रिक्तिकेतलं पाणी ओढून घेतलं, पटल भिंतीपासून सुटलं, आणि काही दिवसांत घर रिकामं झालं. केंद्रकाचा हुकूम ऐकायला कोणी उरलं नाही. पण भिंत उभी राहिली. शेजारणीची भिंत नि माझी, मधल्या चिकट थराने घट्ट धरलेल्या. मग आंबवणारे जिवाणू राहायला आले. त्यांना केंद्रकसुद्धा नसतं, पण वागायला सभ्य. पाणी खारट असेल तोवर तेच राहतात. मीठ कमी झालं की नको ते पाहुणे शिरतात, तो चिकट थर खातात आणि पानाचा लगदा होतो.

यास्ना एक दिवसाआड खालच्या तोटीतून पाणी काढून वरून परत ओतायची, मीठ सगळीकडे सारखं राहावं म्हणून. एकदाही चुकली नाही.

चुकला तो रांको. डुक्कर कापायच्या दिवशी मित्रांबरोबर त्याने पोटभर राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, घेतली. दुसऱ्या सकाळी ठणकणारी डोकी घेऊन चौघं पिंपापाशी आले. असल्या डोक्यावर उतारा म्हणून आमच्याकडे पिंपातलं आंबट पाणीच पितात. तांब्यामागून तांबे रिकामे झाले. पिंपातलं पाणी बरंच खाली गेलेलं पाहून रांको घाबरला आणि त्याने सरळ नळाची नळी आत सोडली!

मला तोंड असतं तर ओरडले असते. गोडं पाणी माझ्या भिंतीतून आरपार फिरत होतं, आणि शेजारीण माझ्या हातातून सुटते की काय असं वाटत होतं.

दोन दिवसांनी देसांकाने बोट बुडवून चाखलं. तिचा चेहरा पडला.

"यास्ना, हे पाणी आहे. मीठ घातलंस की नुसतं दाखवलंस?"

"मोजून घातलं, आई. शपथ."

"चाळीस वर्षांत असं झालं नाही."

यास्नाचे डोळे भरून आले. तिला स्वतःवरच शंका यायला लागली होती. रांको दाराशी उभा राहून बूट बघत होता.

"बाबा," तियाना म्हणाली, "सांग ना."

"मी प्यायलो," रांको पुटपुटला. "म्हणजे आम्ही. आणि नळाने भरलं."

"नळाने?" देसांकाचा आवाज चढला. "अरे गाढवा, तुझा बापही प्यायचा, पण पेलाभर! पिंपात पाणी ओतायची अक्कल त्याला सुचली नव्हती!"

मग ती सुनेकडे वळली. "मी उगाच बोलले तुला," ती म्हणाली. "आता काय करायचं, तू सांग. पिंप तुझं आहे."

यास्नाने डोळे पुसले. पातळ पाणी काढून टाकलं, नवं खारं पाणी करून ओतलं, आणि निकोलाच्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ ते खालून वर फिरवलं. आम्ही शेजारणी एकमेकींना धरून राहिलो.

आज तो दिवस. उपासाचा, मांस वर्ज्य, म्हणून सारण भात आणि अक्रोडाचं. सकाळी यास्नाने आमचं पान तळहातावर पसरलं. तिने सारण ठेवलं, गुंडाळलं, टोकं आत खोचली. पान फाटलं नाही.

आता मी देसांकाच्या ताटात आहे. शेजारचा म्हातारा तोंड भरून म्हणतोय, "देसांका, तुझ्या पिंपाची चव काही औरच."

"माझं नाही," देसांका म्हणाली. "सुनेचं."

यास्ना परात घेऊन दारातच थांबली.

तर मी आता निघते. माझी भिंत तुमच्या पोटाला पचत नाही, म्हणून तिला नावं ठेवू नका. ती पचायसाठी बांधलेलीच नव्हती. पान धरून ठेवायला बांधली होती, आणि तेवढं तिने केलं.