निर्मनुष्य

“काका, यात एक तरी माणूस दाखवा,” इंजिनियरबाई म्हणाल्या.

टेबलावर दक्षिण कमानीचे सव्वीस फोटो मांडले होते, वर्षाला एक. सगळे फोटोग्राफरने स्वतः काढलेले. प्रत्येकात दगडी फरशीवर त्याची काळी-पांढरी मोजपट्टी होती. तिच्यामुळेच नगरपालिकेत त्याला सगळे पट्टीकाका म्हणत. आणि प्रत्येकामागे त्याच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता : निर्मनुष्य.

“आज अकरा वाजता समितीची सही होईल. कमान वापरात नाही, पाडून रस्ता रुंद करायचा. पुरावा तुमचाच.”

“अहो, तिथं घड्याळवाले बसतात! पहिल्यापासून!”

“मग फोटोत कसे नाहीत?”

फोटो वास्तूचा, माणसांचा नव्हे, हे त्याला उमेदवारीत शिकवले गेले होते आणि त्याने ते डोळ्यांत तेल घालून पाळले होते. दरवर्षी घड्याळवाल्याला उठवून, चौकट रिकामी झाल्यावरच तो बटण दाबी.

दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून तो जवळजवळ पळतच निघाला.

त्याला पाहताच घड्याळवाल्याने डोळ्याचे भिंग उतरवले आणि लोखंडी पायांचे टेबल मिटले.

“या! यंदाचा झाला ना एकदा? असू दे, उठतो.”

“उठू नका. बसा.”

“फोटोत? मी? तब्येत बरी आहे ना, पट्टीकाका?”

फोटोग्राफरने धापा टाकत सगळे सांगितले. घड्याळवाल्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

“म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही उठवलंत, आणि मी शहाण्यासारखा उठलो.”

घड्याळवाल्याने टेबल पुन्हा उघडले, न बघताच किंचित सरकवले. खट्. चारही पाय फरशीतल्या चार खळग्यांत बसले. ते खळगे फोटोग्राफरने कितीदा पाहिले होते. वहीत ‘दगडाची झीज’ अशी नोंदही केली होती. त्याने एका खळग्याशेजारी पट्टी ठेवली.

अकराला सात मिनिटे असताना छापलेला फोटो बाईंच्या पुढ्यात होता.

“काका, आज बसवून कुणाचाही काढता येतो.”

त्याने वाद घातला नाही. सर्वांत जुना फोटो पुढे सरकवला : पट्टीलगत फरशी सपाट. मग दहाव्या वर्षाचा : चार पुसट सावल्या. मग यंदाचा रिकामा : बोटाचे टोक बसेल एवढे खळगे. आणि शेवटी आजचा : त्याच खळग्यांत टेबलाचे पाय.

बाईंनी भिंग घेतले. बाहेर समितीच्या सदस्यांच्या चपला वाजू लागल्या, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“आजची सही थांबवते,” अखेर त्या म्हणाल्या. “पुढचं माझ्या हातात नाही. याच्या मागं नोंद करून द्या.”

त्याने पेनाचे टोपण काढले. सवयीने ‘नि’ उमटला. तो खोडून त्याने लिहिले : दक्षिण कमान. घड्याळवाले, कामात.

“नाव लिहा त्यांचं. समिती विचारेल.”

पेन कागदावर तसेच टेकून राहिले. कपाळ पुसत त्याने टोपण लावले.

“विचारून येतो,” तो म्हणाला, आणि पट्टी टेबलावरच ठेवून जिना उतरू लागला.