बिबट्यांच्या मधलं दार

शुक्रवारी दुपारी आमच्या आळीपुढं बांबू रोवले आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत फ्लेक्स ताणला. त्यावर शिवनेरी होता, लेण्याद्री होतं, नाणेघाटातला दगडी रांजण होता, माणिकडोहच्या निवारा केंद्रातले दोन बिबटे होते आणि वर मोठ्या अक्षरांत 'जुन्नर नगरीत आपले स्वागत'. हे सगळं रस्त्याच्या बाजूनं. आमच्या बाजूला पांढरी पाठ. ऊन आलं की तिच्यातून अक्षरं उलटी दिसायची. मी वाचायला म्हातारपणी शिकले. सुलटं वाचताना अजून बोट फिरवावं लागतं, आणि उलटं वाचायची पाळी माझ्याच लेकानं आणली. फ्लेक्स त्यानंच छापला, बांधलाही त्यानंच.

रत्नदीपचं बसस्टँडजवळ छपाईचं दुकान आहे. संध्याकाळी तो घरी आला तो खाली मान घालूनच.

"आई, दोन दिसाचा तर पर्यटनाचा मेळा हाय. रविवारी काढतो."

"दोन दिस मी काय मेले का? झाकून ठेवलंस ते?"

"पावणं हितनं मनमोडीची लेणी बघाय जाणार. मेळ्याची समिती म्हणली, गटार, पत्र्याची घरं, दोरीवरची लुगडी बरी दिसत न्हाईत."

"आन् तू व्हय म्हणलास."

"मी न्हाई म्हणलो असतो तर दुसऱ्यानं छापलं असतं."

"मग छापू द्यायचं व्हतं दुसऱ्याला. त्याच्याशी मोकळ्या तोंडानं भांडले असते."

त्यानं चपला काढल्या. मग म्हणाला, "तुझा दारातला रांजण उकरून बाहेर रस्त्यावर ठेवतो ना. पावण्यांना पाणी मिळंल, तुझंबी समाधान व्हईल."

"रांजण रस्त्यावर आन् माणसं पडद्याआड? पाणी कुणाच्या घरचं ते दिसाय नको व्हय?"

हा रांजण माझ्या मालकानं, भागुजीनं, दारात पुरला. डोंगरावरून लेणी बघून उतरणारा माणूस घसा कोरडा पडूनच उतरतो. वरच्या टाक्यांतलं पाणी हिरवं. भागुजीच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीपाशी ओंजळ धरून उभं राहावं लागे, वरून कुणी ओतील तेव्हा पाणी. त्यानं रांजण पुरला तेव्हा झाकण ठेवलं, तांब्या ठेवला, पण वाढायला कुणाला बसवलं नाही. कुणीही यावं, आपल्या हातानं घ्यावं. तो गेला, तरी रोज सकाळी मी रांजण घासून भरते. येणारा दारात वाकतो, पाणी पितो, मला 'येतो मावशी' म्हणतो आणि जातो. एवढंच आहे, पण ते माझ्या दाराचं आहे.

आमच्या जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. वेळूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचे व्यापारी. कुणी पाण्याची टाकी दिली तेही दगडावर आहे. देणाऱ्याला आड ठेवून दान घ्यायची रीत त्या काळीही नव्हती. आणि नाणेघाटातल्या रांजणात म्हणे जकात टाकायचे. जकातीचा रांजण फ्लेक्सवर मिरवायचा, पाण्याचा झाकायचा?

शनिवारी सकाळी रांजण भरला, विळा घेतला आणि फ्लेक्ससमोर उभी राहिले. शिवनेरी शेजारच्या आक्काबाईच्या दारापुढं आला होता. माझ्या दारापुढं बिबटे होते, एक बसलेला, एक उभा. दोघांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत विळा ओढला. फ्लेक्स टरकला आणि रस्ता दिसला.

आक्काबाई बाहेर आली. "अगं बया! वाघरू फाडलं का काय?"

"वाघरू न्हाई फाडलं. त्यांना म्हणलं, जरा सरका, दार माझं हाय."

तेवढ्यात अवसरी खुर्दच्या कॉलेजची पोरं-पोरी रस्त्यानं आली. एका पोरीनं फटीतून डोकं घातलं.

"आजी, आत काय आहे?"

"आमी राहतो. पाणी पी."

ती आत आली, तिच्यामागं बाकीची आली. कुणी रांजणाजवळ वाकलं, कुणी ओट्यावर टेकलं. त्या गर्दीतून मेळा समितीचे सुनीलभाऊ घामाघूम होऊन आत शिरले.

"मावशी, हे काय केलंत?"

"दार केलं."

"अवो, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय!"

"गावात आमाला धरत न्हाई का भाऊ? मतं मागाय आलाव तवा तर धरलं व्हतं."

पोरं हसली. सुनीलभाऊंनी तिथूनच रत्नदीपला फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं फाटलेल्या कडा बघितल्या, आत ओट्यावर बसलेली माणसं बघितली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

"चिकटव आधी," सुनीलभाऊ म्हणाले. "मोठे पावणं निघालेत. बारीक टेप लाव, दिसाय नको."

रत्नदीपनं पिशवी उघडली. मी विळा परत हातात घेतला. तो चिकटवील आणि मी पुन्हा फाडीन, असं माझं ठरलं होतं. लेक असला तरी.

त्यानं फाटलेली कड आतल्या बाजूला दुमडली, तिला चिकटपट्टी लावली आणि ठोकून ठोकून पितळी रिंगा बसवल्या. मग दुसऱ्या कडेला तसंच केलं. दोन्ही कडांच्या रिंगांत दोरी ओवून, तंबूचं दार उघडतात तसे फ्लेक्सचे दोन भाग दोन बाजूंच्या बांबूंना बांधले. एक बिबट्या इकडं गेला, एक तिकडं, आणि मधे माझं घर.

"अरे, चिकटव म्हणलं व्हतं ना तुला!"

"सुनीलभाऊ, नुसतं फाडलेलं वाऱ्यानं वाढत जातं. दार करायचं तर नीट केलं पायजे."

"पुढच्या साली छपाई दुसऱ्याला देतो, बघच तू!"

"द्या की," रत्नदीप म्हणाला. "फाडायला आई हायेच."

मी विळा खाली ठेवला. तो तांब्या घेऊन रांजणातलं पाणी प्यायला आणि त्यानं तोंड पुसलं. तोवर आक्काबाई आपल्या दारातून ओरडली,

"रत्नदीपा, माझ्या दारात तर आख्खा किल्ला हाय. किल्ल्याला दरवाजा नको व्हय रं?"

रत्नदीपनं पिशवी उचलली आणि तिकडं निघाला. विळा मागायला त्यानं माझ्यापुढं हात केला. मी दिला.