सोमवारची आग

देवचाराचा, म्हणजे जागेवरच्या भुताचा, फायदा सगळ्यांनाच होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. दत्तारामच्या घरात आग आपोआप लागते, एवढं एकदा ठरलं आणि सुतार बाबू सुटला. त्याच्या कामाकडे कोणी बोट दाखवेना. दत्ताराम सुटला, वायरी बघा, गॅसची नळी बघा, असली कटकट त्याला उरली नाही. शेजाऱ्यांना बसल्या जागी विषय मिळाला. दत्तारामच्या बायकोला, जानकीबायला, सुनेबद्दल जे स्वतःच्या तोंडाने बोलता येत नव्हतं, ते देवचाराच्या नावाने बोलायची सोय झाली. आणि जितूबाबाला मिळाली पाहुण्यांसाठी बांधलेली, समुद्राकडे खिडकी असलेली नवी खोली, दुपारची तळलेली सुरमई आणि पायाशी गर्दी. यात तोट्यात कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

त्या सोमवारी सकाळी दत्तारामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. थेट वेंगुर्ल्यापासून माणसं आली होती. जितूबाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसला होता. समोर पाटावर शेंडीसकट नारळ. त्याने एका लहान बाटलीतून शेंडीवर 'तूप' ओतलं, डोळे मिटले आणि गप्प राहिला. काहीच झालं नाही. पोरं चुळबुळायला लागली. मग शेंडीतून बारीक धूर निघाला आणि एकदम ज्योत उभी राहिली.

"काडी नाय, लायटर नाय," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "ह्येका म्हणतत शक्ती."

"हा माझा अग्नी," बाबा म्हणाला. "बोलावला की येतो, जा म्हटलं की जातो. या घरातला अग्नी न बोलावता येतो. ईशान्येला व्हायब्रेशन बिघडलंय. देवचार श्वास घेतो, आणि सोमवारी तो लांब श्वास घेतो. पण कुणीतरी आतून दार उघडल्याशिवाय तो घरात शिरत नाही."

असं म्हणून त्याने सुगंधाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

सुगंधा म्हणजे दत्तारामची सून. माहेर आत घाटाच्या पायथ्याला, भातशेतीचं. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. नवरा अनिश मालवाहू बोटीवर, भर समुद्रात. फोन लागला तर लागला. सुट्टीतले पाहुणे यायच्या आत नव्या खोल्यांचं लाकूडकाम उरकायचं म्हणून बाबू दारं-खिडक्या घासून त्यांना अळशीचं उकळलेलं तेल चोपडत होता. आणि त्याच दिवसांत आगी सुरू झाल्या. एका सोमवारी पडवीच्या कोपऱ्यात. पुढच्या सोमवारी न्हाणीघराच्या मागे. तिसऱ्या सोमवारी स्वयंपाकघराच्या दाराशी. तेव्हा पडदा जळला आणि जानकीबायचा पदर थोडक्यात वाचला. आसपास कोणी नाही, चूल नाही, दिवा नाही. प्रत्येक वेळी त्या जागेवर शेवटचा हात सुगंधाचा फिरलेला. एवढं वाडीला पुरलं.

"माझी सून कामाक बरी आसा," जानकीबाय विहिरीवर म्हणायची. "पण पायगुण खंय धुवक येता?"

बाबाने निकालाची रीत सांगितली. आजचा दिवसभर सुगंधाला कोठीच्या खोलीत बसवायचं, दाराला कुलूप, खिडकीच्या फटी बुजवायच्या, चावी बाबाच्या कमरेला. आत आग लागली तर सून दोषी. तिने त्याच दिवशी माहेरची वाट धरायची, परत यायचं नाही. आग नाही लागली तर बाबा समर्थ. या तराजूची दोन्ही पारडी बाबाकडेच झुकलेली होती, पण तराजू धरणाराही तोच, मग बोलायचं कोणी?

कोठीत वर्षभराची नारळाची सोडणं, वाळकी सालं, रचलेली होती. भिंतीला टेकून गॅसचा एक भरलेला सिलिंडर. आणि आदल्या दिवशी, गर्दी येणार म्हणून, सुगंधाने स्वतःच अंगण माणसात आणताना बाबूची सगळी तेलकट फडकी गोळा करून, जुन्या लुगड्यात घट्ट बांधून, सोडणांच्या बाजूला नीट सारून ठेवली होती. मग त्याच खोलीत ती पाटावर बसली. बाबाने कुलूप लावलं.

उन्हं वर आली तशी अक्षया आली. ती दत्तारामची भाची, वेंगुर्ल्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. स्कूटर गर्दीबाहेर लावून ती वाट काढत पडवीत पोचली.

"मामी, वहिनी खंय?"

"कोठीत. बाबांनी बसवल्यानी."

"बसवल्यानी की कोंडल्यानी?"

अक्षया कोठीच्या दाराशी गेली आणि तिथेच थबकली. दाराखालून वास येत होता. रंगाचा जुना डबा उन्हात उघडा राहावा तसा, पण कढत.

"बाबू, तुझी तेलाची फडकी खंय आसत?"

"सुगंधान काल बांधून ठेवल्यान. भितर."

"रोज बांधता?"

"नाय गो. रोज दोरयेर पसरलेली असतत, सकाळी माका परत लागतत. आयतवारीच बांधता. सोमवारी आमी लाकडाक हत्यार लावणव नाय, देवाचो वार. घर साफ होया."

अक्षया दत्तारामकडे वळली. "मामा, दार उघडा. आत्ताच्या आत्ता."

"उघडलंत तर वाडी जळेल," बाबा खुर्चीतूनच म्हणाला. "देवचार आत सापडलाय. त्याचाच हा वास."

तेवढ्यात आतून सुगंधाचा आवाज आला. ओरडली नाही ती. पाणी तापलं का विचारावं तशी म्हणाली, "आई, हय धूर येता हा."

सगळ्यांनी बाबाकडे पाहिलं. बाबाने कमरेच्या चावीवर हात ठेवला. "ही ती बोलत नाहीय," तो म्हणाला. "हा तो बोलतोय."

आणि अंगण हललं नाही. एवढी माणसं, त्यात दर्यावर जाणारी, जाळी ओढणारी, आणि कोणाचा पाय उचलेना. आत खोकला ऐकू येत होता.

"बाबू, पटाशी घे, बिजागरं काढ," अक्षया म्हणाली.

बाबू पेटीपाशी गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "आज सोमवार गो बाय."

दत्ताराम जमिनीकडे बघत होता. तेव्हा जानकीबाय पुढे झाली. तिने पेटी उघडली, पटाशी आणि हातोडा बाबूच्या हातात कोंबला.

"देवाचा काय ता मी बघतंय. माझ्या नावार घाल. तू घाव घाल."

दार पडलं तसा आतला जाळ एकदम उसळला. सोडणांनी पेट घेतला होता. सुगंधा कोपऱ्यात, सिलिंडर आणि आगीच्या मध्ये बसलेली. पेटलेलं गाठोडं तिने दोन्ही हातांनी सिलिंडरपासून लांब ढकललं होतं. दत्तारामने तिला ओढून बाहेर काढली, बाबूने सिलिंडर काढला, आणि मग वाडीला हात फुटले. विहिरीपासून कोठीपर्यंत घागरींची रांग लागली. कोठीचे वासे गेले, कौलं फुटली. अक्षयाने सुगंधाचे हात थंड पाण्यात धरून ठेवले आणि रिक्षा आणायला पाठवलं.

बाबा केव्हा गेला ते कोणी पाहिलं नाही. चावी घेऊन गेला. तुपाची बाटली मात्र पाटाखाली राहिली.

पुढच्या रविवारी अक्षयाने अंगणाच्या मधोमध, चिऱ्याच्या फरशीवर, लोखंडी घमेलं ठेवलं. त्यात बाबूची तेलकट फडकी लुगड्यात घट्ट बांधून. तसलीच बाकीची फडकी दोरीवर एकेक पसरली. भोवती पाण्याच्या बादल्या. सोमवारी वाडी पुन्हा जमली, या वेळी लांबून. उन्हं वर आली. गाठोड्यातून तोच कढत वास आला, मग धूर.

"इलो देवचार," कोणीतरी म्हणालं.

"येऊंदे," अक्षया म्हणाली. "तेका आज कोणी बोलावक नाय. सुगंधावहिनी अजून हॉस्पिटलात आसा."

धुराचा जाळ झाला. दोरीवरची फडकी वाऱ्यावर तशीच हलत होती.

मग तिने समजावलं. अळशीचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवा शोषून घट्ट होतं, आणि तसं होताना गरम होतं. फडकं पसरलेलं असेल तर ऊब वाऱ्याबरोबर जाते. बांधून ठेवलं तर जायला वाट नाही. आतल्या आत तापत जातं आणि काडीशिवाय पेटतं. पेटल्यावर गाठोडंच जळून जातं, म्हणून पुरावा राहत नाही. बाबाचं तूप म्हणजे ग्लिसरीन. शेंडीत आधीच दडवलेली जांभळी पूड म्हणजे पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकतात तीच. दोन्ही एकत्र आली की थोड्या वेळाने पेटतात. तो थोडा वेळ बाबा डोळे मिटून काढायचा.

"मगे सोमवारच कित्याक?" दत्तारामने विचारलं.

"कारण रविवारी वहिनी घर आवरायची, फडकी बांधून कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवायची, मामा. बाकीचे दिवस पसारा तुमका वाचवी."

सुगंधा घरी आली तेव्हा अक्षयाने तिलाही हे सगळं सांगितलं. तिने पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे आग मियाच लायलंय?"

"आग तेलान लायली. तू घर साफ केलंस. तेल असा पेटता ह्या तुका कोणी सांगूक नाय, कारण कोणाक म्हायतीच नाय होता. विचारण्यापेक्षा बाबा आणणा सोपा पडला."

वाचणाऱ्याने एवढं करावं. तेलाची फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. सिलिंडर बंद कोठीत, सोडणांजवळ ठेवू नये. आग कशी लागली हे कळत नसेल तर 'कळत नाही' म्हणावं आणि काय, कुठे, केव्हा ठेवलं होतं ते शोधावं. आणि कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून, माणसावर कुलूप लावू नये. जितूबाबाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो वापरायचा असतो.

आता कोणी काय भरलं ते. जितूबाबाची एक बाटली गेली. दुसरी तो रेडी गावाकडे कुठे तरी उघडत असेल. बाबूचा एक सोमवार मोडला. दत्तारामची कोठी गेली, ती बांधून होईल. अंगणातल्या गर्दीचं काहीच गेलं नाही. सुगंधाच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, एवढीच मिटतील. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. रोज सकाळी पडवीत ती पाठ करून बसते आणि जानकीबाय मागे बसून तिचे केस विंचरते.