दोन बुड्या

“दोनच बुड्या मारते नि आलेच!”

पस्तीस वर्षं झाली, पण तो आवाज युनसिलच्या कानात अजून ओलाच होता. चुजा बेटाच्या किनाऱ्यावर, समुद्रतळाचे शंख काढणाऱ्या पाणबुड्या बायकांनी रचलेला दगडांचा गोल होता. त्याच्या आडोशाला, शेकोटीपाशी, पाच वर्षांची युनसिल बसायची. आई मालसुन कमरेला शिशाची वजनं बांधायची, हे एवढं वाक्य मागे टाकायची आणि पाण्यात शिरायची. बुडी मारून वर आलं की कोंडलेला श्वास शीळ होऊन बाहेर पडतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. आईची बारीक, शेवटाला जराशी वर चढणारी. एक शीळ झाली की युनसिल एक बोट मिटायची. दोन बोटं मिटायची, मग दहा, मग पायांचीही संपायची. आई यायची ती उन्हं कलल्यावर, ओठ निळे आणि त्यावर हसू.

आता युनसिल चाळिशीची होती. बेटावरच्या मच्छीमार सोसायटीत अकरा वर्षं कारकुनी करताना तिने एक वेगळंच वेड जोपासलं होतं. होडीवरून ती पाणबुड्यांच्या शिळांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवायची. एका बुडीची एक शीळ, एका शिळेची एक फाइल. अशा बत्तीस हजार. त्या सोसायटीच्या संगणकात होत्या, आणि संगणक इथेच राहणार होता. ती मात्र साडेतीनच्या बोटीने मुख्य भूमीवरच्या वांदो बंदराला, तिथून पुढे राजधानी सोलला निघाली होती.

“वर्षभराचं काम आहे,” असं तिने आईला सांगितलं होतं. काम कायमचं होतं.

दोन वाजता सोसायटीच्या कार्यालयात तिने छोटी डिस्क जोडली आणि सगळं तिच्यात उतरवायला लावलं. पडद्यावर आलं : चौदा मिनिटं.

“बघ आई, चौदाच. जेवू निवांत.”

मालसुनने डबा उघडला. बार्लीचा भात, किमची, खारवलेल्या मांदेल्या. सोबत निरोपाला आलेली चुनबोकमावशी होती. तीही पाणबुडी, जिभेने जरा खारटच.

जेवण आटोपेपर्यंत चौदाचे चाळीस झाले होते. मग एक तास. मग तीन तास दहा मिनिटं.

“आमच्या बोटीच्या कप्तानाचाच भाऊ दिसतोय हा,” चुनबोकमावशी म्हणाली. “आत्ता पोचवतो म्हणतो नि धुक्यात घिरट्या घालतो!”

“मावशी, गप्प बस ना जरा!” युनसिल पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “सुरुवातीला कसा भरभर चालला होता.”

“सुरुवातीला काय होतं?” मालसुनने विचारलं.

“सणाचे व्हिडिओ. चार-पाचच, पण मोठे. आता शिळा सुरू झाल्यात. इवल्या इवल्या.”

मालसुन पडद्याकडे बघत राहिली. एक फाइल गेली, क्षणभर थांबलं, दुसरी गेली, पुन्हा थांबलं. समुद्राकडे बघतानाही ती अशीच मान तिरकी करायची.

“अगं, प्रत्येकीसाठी हा श्वास घेतोय,” ती म्हणाली. “मोठा शंख असो की बोटाएवढा, बुडी एकच लागते. मोठ्यांवरून हिशेब मांडला नि पुढे निघाले बारके. चुकणारच बिचारा.”

“मग आता काय करू? तासाभरात बोट सुटेल.”

“मी काय एकेक शंख किनाऱ्यावर नेऊन ठेवते होय? पाण्यावर जाळी तरंगत असते, तीत टाकते नि शेवटी जाळीच ओढून आणते. तुझ्या यंत्राला जाळी नाही का?”

युनसिल आईकडे बघतच राहिली. मग तिने उतरवणं थांबवलं, बत्तीस हजार शिळांचा एकच गठ्ठा बांधला आणि तो गठ्ठा डिस्ककडे सोडला. पडद्यावर आलं : बावीस मिनिटं. थोड्या वेळाने एकवीस. मग वीस.

“घ्या!” मावशी हसली. “तिला रोखायची सोडून वाट मोकळी करून दिलीस, मालसुन. शाबास!” आणि बोटीवर जागा धरायला ती एक पिशवी उचलून पुढे गेली.

कार्यालयात दोघीच उरल्या. आकडा शहाण्यासारखा उतरत होता.

“आता खरं बोलायला लागला,” मालसुन म्हणाली.

युनसिलने मान खाली घातली. “आई, वीस बुड्या मारायच्या असताना तू दोनच का म्हणायचीस?”

“वीस म्हटलं असतं तर तू रडली असतीस. तू रडली असतीस तर माझा पाय पाण्यात पडला नसता.” मालसुनने डब्याचं झाकण लावलं. लावलेलंच पुन्हा दाबलं. “कानाचे डॉक्टर म्हणतात, बुड्या पुरे करा आता. मी म्हटलं, एक वर्ष. लेक परत येईपर्यंत घर चालतं ठेवते, ती आली की वजनं सोडून ठेवीन. सोसायटीलाही सांगितलंय, तुझी खुर्ची कुणाला देऊ नका.”

युनसिलच्या डोळ्यांपुढे तो दगडांचा गोल आला. या वेळी त्यात आई बसली होती, बोटं मिटत.

पडद्यावर पाच मिनिटं होती, मग चार. धक्क्यावर बोटीने भोंगा दिला.

“पोरी,” मालसुन हळूच म्हणाली, “तुझं ते वर्ष... दोन बुड्यांसारखंच नाही ना गं?”

युनसिलने आईचे दोन्ही हात धरले. मिठाने चिरलेले, गार.

“वर्ष नाही, आई. मी इथे राहायला परत येणार नाहीये. माझ्यासाठी एकही बुडी मारू नकोस.”