रात्र गोठली का?

मी विलोची काठी बोलतेय. हिमालयातल्या लाहौलच्या एका गावात देचेनआत्यानं मला शरदात ओढ्याकाठच्या झाडावरून कापलं, माझी पानं मेंढ्यांना घातली, चुलीमागे वाळवलं आणि टोकाला खिळा ठोकला.

गावाबाहेरची वाट डोंगरउतारावरची एक उभी नाळ, म्हणजे अरुंद घळ, आडवी ओलांडून जाते. वसंतात ऊन चढलं की वरचा बर्फ आतून पाणावतो आणि एकदम सुटतो. म्हणून नाळ ओलांडायची ती सूर्य उगवायच्या आत, एकेकट्यानं. रात्री गोठलेला बर्फ दगडासारखा असतो. आत्या माझ्यावर भार देऊन तो तपासायची. बाकीची माणसं हल्ली नुसत्या पहाटेवर विसंबतात. मी दाराशीच राहते.

यंदा आत्याच्या भाच्याला, अंगरुपला, नाळेपलीकडच्या इस्पितळातून निरोप आला, मुलगी झाली. पहाटे त्यानं सातूचं पीठ न् लोणी पाठीला बांधलं.

"काठी टोचून बघ आधी," आत्या म्हणाली.

"अजून तांबडं फुटलं नाही, आत्या. उन्हाआधी निघावं, हे तूच शिकवलंस ना?"

"तेव्हा रात्री थंडी पडायची. काल रात्रभर आभाळ भरलेलं होतं, ढगांखाली बर्फ गोठत नाही. तू घोरत होतास, तुला काय कळणार?"

"पोरगी वाट बघत असेल."

"बघू दे. तिला कुठं चालत जायचंय?"

त्याला राग आला आणि हसूही. मला घेऊन तो निघाला. नाळेच्या अलीकडे त्यानं मला दाबलं. लोण्यात सुरी जावी तशी मी मुठीपर्यंत आत गेले. शेजारी टोचलं, तिथंही तेच. बराच वेळ तो पलीकडे बघत उभा राहिला. मग परतला. आत्यानं त्याच्या चहात लोणी जरा जास्तच घातलं.

दुपारी नाळ गरजली. ओला, मातकट बर्फ झाडांसकट खाली आला.

त्या रात्री आभाळ निवळलं. पहाटे माझा खिळासुद्धा बर्फात शिरेना. आम्ही नाळ ओलांडली.

"काल येणार होतास ना?" इस्पितळात त्याची बायको म्हणाली.

"हिनं सोडलं नाही," त्यानं मला पलंगाशी टेकवलं.

"बरं झालं. कुणाचं तरी ऐकतोस."

मग त्यानं मुलीला उचलून घेतलं.

रात्री उबदार होत चालल्यात, त्यांना मी थांबवू शकत नाही. पण आता नाळेकडे निघालेला प्रत्येकजण आधी मला उचलतो. असंच विचारत राहा. मी नको म्हटलं तर एक दिवस जाईल, एवढंच.